घाण्या

दुर्वा वैरागडेला पहिली ओकारी झाली ती गीझरमुळे.

आंघोळ उरकून, केसांना टॉवेल गुंडाळून ती न्हाणीबाहेरच्या बेसिनवरच्या आरशापुढे उभी होती. गीझरचं बटण नेहमीसारखं चालूच राहिलेलं. एकाएकी तिच्या नाकात काहीतरी शिरलं. सडलेला कांदा, नासलेलं अंडं आणि पावसाळ्यात बुटात विसरलेला ओला मोजा, हे सगळं एकत्र वाटून कोणी नाकाला चोळावं तसा वास. तो नाकात थांबला नाही, बुळबुळत घशाकडे उतरला. "शीऽऽ! आई, काय मेलंय घरात?" एवढं ओरडायला तिला जमलं, आणि पुढच्या क्षणी सकाळचं दूध बेसिनमध्ये पडलं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, अगदी निवांत. "मेलं काही नाही. तुझा गीझर चालू आहे."

दुर्वाने नाक दाबून बटण बंद केलं. बोर्डाच्या वर भिंतीला साबणाच्या वडीएवढी एक पांढरी पेटी होती. तिच्यातला छोटा पंखा घरघरला आणि हवा हळूहळू हवेसारखी झाली.

ही पेटी कालच बसवली होती. कागदोपत्री तिचं नाव होतं 'ऊर्जासखी'. चंद्रपुरातल्या लोकांनी ते नाव एका दिवसात मोडीत काढून दुसरं ठेवलं. घाण्या.

घाण्या घरोघर का आला, ते कळायला आधी दुर्वाची खोली पाहायला हवी होती. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात माणूस सावलीतसुद्धा भाजून निघतो, आणि त्या उन्हाळ्यात ही पोरगी एसी अगदी खालच्या आकड्यावर लावून दुलई पांघरून झोपायची. फोन भरून झाला तरी चार्जर लोंबत असायचा. बाहेरच्या खोलीतला टीव्ही रिकाम्या सोफ्याशी बोलत बसायचा. काय खावं याचा विचार ती फ्रिजचं दार सताड उघडं ठेवून त्याच्यापुढे उभ्याने करायची.

"तुझा बाप वीजकंपनीचा जावई आहे का गं?" आई विचारायची.

"अगं, एका पंख्याने काय होतं? तिकडे मॉलमध्ये जाऊन बघ जरा."

आणि याच पोरीने 'ऊर्जाबचत' या विषयावर निबंध लिहून जिल्ह्यात पहिला नंबर काढला होता. दुलईत बसून, एसीच्या गारव्यात.

ती खोटारडी नव्हती. निबंधातलं वाक्यन् वाक्य तिला मनापासून पटलेलं होतं. पण पटलेलं होतं ते डोक्यात, बटण होतं हाताखाली, आणि या दोघांची गाठच कधी पडत नव्हती. तिच्या वयाची बहुतेक मुलं अशीच होती. पाहणी करणाऱ्यांनी त्यांना विचारलं, वीज वाचवायला हवी का? सगळ्यांनी हो म्हटलं. मग त्यांच्या घरचे मीटर पाहिले, तर त्या होकाराचा मागमूस कुठे नव्हता. हाताला शिकवायचं असेल तर डोक्याला वगळूनच शिकवावं लागेल, असं मग एका नव्या कंपनीला सुचलं.

शाळेत हे सगळं उरकुडे मॅडमनी समजावून सांगितलं होतं. मॅडम विज्ञान शिकवायच्या. कोणाला कळलं नाही तर न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या, आणि घाण्याचं त्यांना मनापासून कौतुक होतं.

"प्रत्येक यंत्र आपापल्या ढंगाने वीज ओढतं," त्या म्हणाल्या. "फ्रिज दचकून जागा होतो. पंखा सावकाश वेग घेतो. गीझर हावरटासारखा तुटून पडतो. पावलांच्या आवाजावरून तुम्ही बाबा आले की आई आली ते ओळखता ना? तसंच मीटरमधला प्रवाह बारकाईने पाहिला की घरात काय काय चालू आहे ते ओळखता येतं. खोलीत माणूस आहे की नाही, ते त्याच्या अंगाच्या उष्णतेवरून कळतं. माणूस नाही आणि यंत्र चालू, असं दिसलं की त्या घरात जो कोणी जवळ असेल त्याच्या खोलीतली पेटी कुपीतून वास सोडते. थेंबाचासुद्धा लहानसा अंश."

"एवढ्याने काय होणार, मॅडम?" मागून कोणीतरी विचारलं.

"स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, माहीत आहे? गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक घाण रसायन मिसळतात, अगदी नखभर. तरी आपण दारातून ओळखतो. हे त्याच्याच भावकीतलं. गॅस समजून कोणी घाबरू नये म्हणून यात नासक्या लोण्याचा वास घातलाय." वर्ग खिदळला. मॅडम थांबल्या, हसू ओसरू दिलं. "आता नीट ऐका. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी मेंदूतल्या एका चौकीवर थांबतं, मग पुढे जातं. वासाला ती चौकी नाही. तो विचारांना न विचारता सरळ भावनांच्या घरात घुसतो. म्हणून किळस हा माणसाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कडक मास्तर आहे. एकदा एखादा पदार्थ बाधला की वर्षानुवर्षं तो नुसता पाहूनही मळमळतं, हो की नाही?"

हो, सगळेच म्हणाले. दुर्वाला भेंडीचं तसं होतं.

घाण्याने खरोखरच कमाल केली. दुर्वाचा हात शहाणा झाला. खोलीतून बाहेर पडताना तो आपोआप बोर्डावर जायचा आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं एका झपाट्यात बंद करायचा. त्यासाठी तिला विचारसुद्धा करावा लागत नव्हता. ती शाळेच्या ऊर्जापथकाची कप्तान झाली. "पोरगी सुधारली बाप्पा," आई शेजारणीला सांगत सुटली.

पण मास्तर कडक होता, आणि वर्ग सुटल्यावरही घरी जायला तयार नव्हता.

वरोऱ्याला मामेबहिणीचं लग्न होतं. मांडवभर दिव्यांच्या माळा, कारंजं, नवरा-नवरीच्या मागे लखलखणारा मोर. सगळे मोबाइल काढून फोटो घेत होते आणि दुर्वा मागे मागे सरकत होती. त्या मोराकडे पाहून तिला उकिरड्यावर माश्यांनी भरलेलं काहीतरी पाहिल्यासारखं झालं. ती मांडवामागे गेली आणि जेवलेलं सगळं ओकून आली.

"ऊन लागलं असेल," मामी म्हणाली.

मग समिधा. पहिलीपासूनची मैत्रीण. तिच्या घरी दुर्वा अभ्यासाला गेली, आणि तिच्या खोलीत पाऊल टाकताच ओढणी नाकाला लावून उभी राहिली. एसी चालू होता, भर दुपारी दिवा चालू होता.

"कशी राहतेस गं तू या घाणीत?"

"कुठली घाण?" समिधाने इकडेतिकडे पाहिलं.

"घाणेरडी आहेस तू. तुला लाजसुद्धा वाटत नाही."

समिधाचा चेहरा उतरला. "दुर्वा, आमच्या बिल्डिंगमध्ये घाण्या अजून बसवलेलाच नाही."

"म्हणूनच तर!" दुर्वा म्हणाली आणि पायऱ्या उतरून निघून गेली. त्यानंतर समिधाने तिला फोन केला नाही. दुर्वालाही चुकल्यासारखं वाटलं नाही. समिधाचं नाव मनात आलं की आधी तो वास यायचा, मग चेहरा.

एप्रिलच्या शेवटी आबाजी आले.

आबाजी म्हणजे दुर्वाच्या बाबांचे वडील, लटारी वैरागडे. सगळं आयुष्य त्यांनी औष्णिक केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर काढलं होतं. तिथली काळी भुकटी त्यांच्या छातीत बसली होती ती निवृत्तीनंतरही निघाली नाही. घुग्घुसला ते एकटे राहायचे. यंदा दोन खोल्यांमधलं अंतर चालतानाही दम लागायला लागला, तेव्हा बाबा त्यांना घेऊन आले. सोबत त्यांचं यंत्र आलं. हवेतला नायट्रोजन गाळून दाट प्राणवायू नाकातल्या नळीत सोडणारं, छोट्या कपाटाएवढं. ते सतत घुमायचं. दिवसा, झोपेत, जेवताना. ते थांबलं की आबाजींचा श्वास थांबायच्या वाटेला लागायचा.

आल्या आल्या त्यांनी पिशवीतून डबा काढला. "दुर्वे, बोरकूट आणलं तुझ्यासाठी. ये माय, बस जवळ."

लहानपणी हेच बोरकूट, वाळलेल्या बोरांची आंबटगोड पूड, ती त्यांच्या मांडीवर बसून बोटाने चाटायची. त्यांच्या खांद्यावर बसून तिने सगळं घुग्घुस पाहिलं होतं. आत्ता ती दारातच थांबली. यंत्र घुमत होतं. तिच्या नाकात वास आला. सडका कांदा. ओला मोजा.

"नंतर घेते, आबाजी. अभ्यास आहे."

आईने कंपनीच्या माणसाला बोलावून यंत्राची नोंद करून घेतली होती. आजाऱ्याच्या यंत्रांना सूट होती, त्यांच्यासाठी वास येणारच नव्हता. आईने दुर्वाला हे सांगितलं. दुर्वाच्या भरधाव हाताची तिला धास्ती होती म्हणून यंत्राच्या बटणावर, बोर्डाच्या अगदी टोकाला, तिने स्वतःच्या कपाळावरची लाल टिकली काढून चिकटवली. "एवढं एक बटण सोडून काय ते बंद कर. कळलं?"

"आई, सूट-बिट काही नाही. मला वास येऊन राहिला."

"आम्हाला कोणाला येत नाही."

"तुम्हाला सवय झाली."

यंत्राला एक भोंगाही होता. वीज गेली की तो किंचाळायचा. उन्हाळ्यात दुपारी वीज दोनदा-तीनदा डोळे मिचकावते, त्यामुळे आबाजींची झोप मोडायची. त्यांनी भोंग्याच्या तोंडात कापूस कोंबून वर चिकटपट्टी लावली. आई रागावली तर म्हणाले, "लाइट गेली तं मले कळत नाही का? नाक माझं हाय. भोंगा कायले पाहिजे?"

दुर्वा त्यांच्या खोलीत जायचं टाळायला लागली. जेवताना ताट घेऊन गच्चीकडच्या दारात बसायची. पाणी द्यायला सांगितलं तर श्वास रोखून जायची आणि पेला टेकवून पळत यायची. बाहेर आल्यावर हात धुवायची, मग पुन्हा धुवायची. तिला आबाजींची बोटं दिसायची, नखांत कायमची बसलेली काळी रेघ दिसायची, नळीखाली सुजलेलं नाक दिसायचं, आणि तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. हाच माणूस दिवसभर वीज पितो. झोपेतसुद्धा पितो. हा विचार आपण केला, याचीही तिला क्षणभर किळस यायची. पण वास त्याहून मोठा होता.

आबाजींना हे दिसत नव्हतं असं नाही. एकदा ती दारावरून जात असताना ते सदऱ्याची बाही नाकाला लावून हुंगत होते. बाही झाली, मग काख, मग उशी. दुसऱ्या दिवसापासून ते दोनदा आंघोळ करू लागले. नळी सोडून आंघोळ करणं म्हणजे त्यांना डोंगर चढणं होतं, बाहेर आले की पलंगाच्या कडेला बसून माशासारखी तोंडाची उघडझाप करायचे. त्यांनी आईकडून पावडर मागून घेतली. कूलरच्या जुन्या ताटीतल्या वाळ्याची चिमूट फडक्यात बांधून खिशात ठेवली.

"काहून वं दुर्वे," एकदा त्यांनी हसत हसत विचारलं, "म्हाताऱ्याचा वास येते का?"

"नाही, आबाजी," दुर्वा म्हणाली. ओढणी तिच्या नाकावर होती.

मे महिन्यातल्या एका दुपारी आई बँकेत गेली, बाबा कामावर होते. "आबाजींकडे लक्ष दे," आई जाताना म्हणाली. बाहेर रस्ता वितळत होता. कूलरचं पाणी टपटपत होतं.

"दुर्वे, पन्हं देतेस का थोडं?"

तिने पेला भरला, छाती भरून श्वास घेतला आणि आत शिरली. आबाजींनी पेला घेतला. त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली. ते काहीतरी सांगू लागले, कोळशाच्या पट्ट्यावर एकदा एका साहेबाचा बूट गेला ती गोष्ट. ती तिने लहानपणी शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा हसली होती. आत्ता तिचा रोखलेला श्वास संपत आला होता. अर्ध्या गोष्टीत त्यांना खोकला आला. तिला श्वास घ्यावाच लागला, आणि त्या श्वासाबरोबर घाण आत ओतली गेली, जिभेवर, घशात, पोटात.

"झोपा आबाजी तुम्ही." ती वळली आणि दाराकडे धावली. हात त्याच्या सवयीने बोर्डावरून वरपासून टोकापर्यंत फिरला.

आपल्या खोलीत येऊन ती पलंगावर पडली. आणि हळूहळू हवा स्वच्छ झाली. किती दिवसांनी घराला कसलाच वास नव्हता! धुतलेल्या चादरीसारखी हवा. तिने पोटभर श्वास घेतला, पुन्हा घेतला. अंगातली मळमळ उतरली. घर शांत होतं. इतकं शांत, की कूलरच्या पाण्याचा थेंब पडलेला ऐकू येत होता. तिचे डोळे मिटू लागले.

कपाळावर घाम आला म्हणून तिने तळव्याने तो पुसला. भुवईवर काहीतरी चिकटलं. तिने ते नखाने काढून पाहिलं.

लाल टिकली.

क्षणभर तिला कळेना, ही आपल्याकडे कुठून आली. आपण तर टिकली लावत नाही. मग ती शांतता तिच्या कानात ओरडली.

आबाजी पलंगावरून अर्धे खाली घसरले होते. पंखा बंद, खोली भट्टीसारखी. ओठ जांभळे, डोळे अर्धवट उघडे, नजर कुठेच नाही. पन्हं जमिनीवर सांडलं होतं. भोंगा कापसाआड डासासारखा गुणगुणत होता. दुर्वाने बोर्डावर हात मारला, यंत्र घुमलं, नळी त्यांच्या नाकात घट्ट बसवली. मग ती ओरडत जिन्यात धावली, आणि शेजारचे काका अँब्युलन्सला फोन लावेपर्यंत ओरडतच राहिली.

आबाजी वाचले. पण बरेच दिवस दवाखान्यात राहिले. पहिले काही दिवस डॉक्टर बाबांशी बोलताना आवाज खाली आणायचे.

"माझ्या हाताने झालं," दुर्वाने आईबाबांना सांगितलं. टिकली तिने अजून मुठीत धरली होती. आई दवाखान्याचे कागद लावत बसली. बाबा पाठमोरे होऊन खिडकीबाहेर पाहत राहिले. कोणीतरी आपल्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

मग तिने घाण्याला दोषी धरलं. "त्याच्यामुळे झालं. सूट दिली म्हणतात आणि वास सोडतात. मी दाखवते तुम्हाला." दवाखान्यातून घरी आल्याबरोबर तिने पेचकस घेतला, आबाजींच्या खोलीत खुर्चीवर चढली आणि पेटीचे स्क्रू काढले. बाबा खाली उभे होते.

झाकण निघालं. आत कुपीची जागा रिकामी होती. नुसती रिकामी नाही, तिथे कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि जाळ्याखाली दोन वाळक्या माश्या पडल्या होत्या. वास सोडणारं तोंड मेणाच्या गोळीने बंद केलेलं होतं.

"नोंद केली त्याच दिवशी त्या माणसाने कुपी काढून नेली," बाबा म्हणाले. "मी इथेच उभा होतो."

"पण वास येत होता, बाबा. आत्तासुद्धा..." ती थांबली. आत्तासुद्धा येत होता. यंत्र दवाखान्यात होतं, पेटी तिच्या हातात उघडी होती, आणि सडका कांदा तिच्या घशात होता. तिने पेटी नाकाशी नेली. पेटीला धुळीचा वास होता. तेवढाच.

तिला समिधाची खोली आठवली. वरोऱ्याचा मोर आठवला. सदऱ्याची बाही हुंगणारे आबाजी आठवले.

उरकुडे मॅडम दवाखान्यात भेटायला आल्या. बाकावर दुर्वाच्या शेजारी बसल्या.

"मॅडम, मी वेडी झाले का?"

"नाही गं. तुझा मेंदू फार चांगला विद्यार्थी निघाला. त्याला जेवढं शिकवलं त्याच्यापुढचंही त्याने शिकून टाकलं." त्या नेहमीसारख्या सावकाश सांगू लागल्या, पण आवाजात नेहमीचं कौतुक नव्हतं. "किळस एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की मूळ कारण गेलं तरी ती चिकटून राहते. नाकात काहीच नसताना मेंदू आतल्या आत तोच वास उभा करतो. आणि मग ती पसरते. बटणावरून दिव्यावर, दिव्यावरून दिवा लावणाऱ्या माणसावर. ती पेटी निदान खोलीत माणूस आहे का ते पाहत होती, दुर्वा. तुझ्या नाकाने तेवढंही पाहिलं नाही."

दुर्वाने मान खाली घातली.

"आणि किळस अशी पसरते, ते मी तुम्हाला वर्गात सांगितलं नाही," मॅडम म्हणाल्या. "कडक मास्तर, कडक मास्तर म्हणून मिरवलं. विजेची किंमत शिकवायला वेळ लागतो, घाण शिकवायला लागत नाही. मला घाई झाली होती."

"हा वास जाईल?"

"जातो. पण पळून गेलीस तर नाही जाणार. पळालीस की मेंदू म्हणतो, बरं झालं पळालो, नाहीतर मेलो असतो. त्या खोलीत बसायचं. वास येऊ द्यायचा. काही वाईट होत नाही, हे त्याला दाखवत राहायचं. पुन्हा पुन्हा. मी शिकवते ना, तसं."

आबाजी घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. यंत्र पुन्हा घुमू लागलं. भोंग्याचा कापूस आईने स्वतः उपसून काढला आणि टिकलीच्या जागी बाबांनी बटणावर लाकडी झाकण ठोकलं. दुर्वा ताट घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि पलंगासमोर जमिनीवर बसली.

"आबाजी, मशीन मी बंद केली होती."

"मले वाटलं लाइट गेली."

"नाही. मला तुमच्या खोलीत घाण वास यायचा. खोटा होता. पण मला यायचा. म्हणून मी..."

आबाजी यंत्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी उगाच एवढी पावडर फासली?" आणि हसायला गेले, तर खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले. ते खोकल्याने भरले होते की कशाने, ते तिला कळलं नाही. "आता येते का वास?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "येतो."

"मंग जेव. भाकर थंडी होऊन राहिली."

ती जेवली. प्रत्येक घास त्या वासातून गिळावा लागला. वरणाला ओल्या मोज्याची चव होती. डोळ्यांतून पाणी आलं, पण ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. एकदा तिला बाहेर धावून ओकावं लागलं, पण ती चूळ भरून परत आली आणि उरलेली अर्धी भाकर खाल्ली. आबाजी तिच्याकडे न बघता गोष्टी सांगत राहायचे. साहेबाच्या बुटाची गोष्ट त्यांनी शेवटापर्यंत सांगितली. समिधाला तिने फोन केला, दोनदा तिने उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला.

पेट्या काढा अशी ओरड आता सुरू झाली होती, पण घराघरांतल्या पेट्या निघायला वेळ लागणार होता. बाबांनी आपल्या घरातल्या सगळ्या कुप्या काढून परत पाठवल्या. तरी रिकाम्या खोलीतला पंखा दुर्वा बंद करायचीच. फक्त आता बटणाला हात लावायच्या आधी ती खोलीकडे पाहायला शिकत होती, आणि हे शिकायला बटण बंद करण्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागत होता.

जूनमधल्या एका दुपारी, वरणभात कालवताना, तिचं नाक थबकलं. काहीतरी वेगळं होतं. सडका कांदा नव्हता, ओला मोजा नव्हता. छातीला चोळायच्या मलमाचा तिखट वास. खिशातल्या वाळ्याचा ओलसर, मातकट वास. आणि त्या दोघांखालून आणखी काहीतरी, आंबूस, शिळं. तिने हुंगत हुंगत पलंगाखाली पाहिलं. तिथे आबाजींचा थुंकायचा टिनाचा डबा होता, तळाशी राख घातलेला. राखेवर काळपट, हिरवट बेडके पडले होते आणि कडेला एक माशी बसली होती.

"शीऽऽ आबाजी! किती घाण! केव्हापासून धुतला नाही हा डबा?"

आबाजी उठून बसले. नातीने नाक मुरडून, तोंड वेडंवाकडं करून, सरळ त्यांच्या तोंडावर घाण म्हटलं होतं, आणि त्यांचा चेहरा बोरकूट मिळालेल्या पोरासारखा झाला.

"कालपासून," ते म्हणाले. "तुझी माय इसरली."

"आणि तुम्ही तसेच बसलात? बाप्पा!"

तिने ताट बाजूला सारलं, दोन बोटांनी डबा उचलला आणि हात लांब करून धरला. तिच्या अंगावर काटा आला. ही किळस साधी होती, डब्याएवढीच, पाण्याने धुऊन जाणारी. दारात पोचल्यावर मोकळा हात सवयीने बोर्डाकडे गेला. तिने मागे वळून पाहिलं.

खोलीत माणूस होता. हात खाली घेऊन ती डबा धुवायला गेली.